ग्रीन माउंटन स्पिनरी : एका लहान लोकर-सूतगिरणीची वाटचाल

सूतगिरणी म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकासमोर इचलकरंजी किंवा सोलापूर उभे राहते : कापसाच्या गाठी, हजारो चात्या, तीन पाळ्या आणि फाटकाबाहेर सायकलींची रांग. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातली ग्रीन माउंटन स्पिनरीही सूतगिरणीच आहे, पण तिची सगळी खाती एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत मावली. पटनी हे तिचे गाव. कनेक्टिकट नदीच्या काठाने उत्तरेकडे जाणाऱ्या ९१ क्रमांकाच्या महामार्गाला जिथे फाटा फुटतो, तिथेच ही इमारत आहे. १९८१ साली डेव्हिड रिची, लिबी मिल्स, क्लेअर विल्सन आणि डायना वाले या चौघांनी तिथे कच्च्या लोकरीपासून सूत कातायला सुरुवात केली. त्यांनी उद्दिष्टे तीन ठरवली होती : उत्तम प्रतीचे सूत काढायचे, आसपासच्या भागातले मेंढीपालन टिकायला हातभार लावायचा आणि नैसर्गिक धाग्यांवर निसर्गाला न दुखवता प्रक्रिया करण्याची रीत बसवायची.

उद्दिष्टे कागदावर लिहिणे अवघड नसते. या तिन्हींना एकाच वेळी धरून चार दशकांहून अधिक काळ यंत्रे चालती ठेवणे मात्र फार थोड्यांना जमले आहे, आणि म्हणून या संस्थेचा इतिहास सविस्तर सांगण्यासारखा आहे.

तो सांगायचा तर थोडे मागे जावे लागते, कारण व्हरमाँटमध्ये मेंढ्या नव्याने आल्या नव्हत्या. नेपोलियनच्या युद्धांत स्पेनची घडी विस्कटली. शतकानुशतके देशाबाहेर जाऊ न दिलेल्या मेरिनो मेंढ्या तेव्हा प्रथमच मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. लिस्बनमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत विल्यम जार्विस यांनी त्या हजारोंनी जहाजांत चढवल्या आणि १८११ मध्ये त्यांतला एक कळप व्हरमाँटमधल्या वेदर्सफील्ड इथल्या आपल्या शेतावर नेला. हे शेत याच कनेक्टिकट नदीकाठी, पटनीच्या उत्तरेला होते. पुढची तीस वर्षे राज्याला मेरिनोचे वेड लागले. डोंगरउतारांवरची जंगले तोडून कुरणे केली गेली, दगडी बांध घातले गेले. १८४० च्या शिरगणतीत व्हरमाँटमध्ये माणसे तीन लाखांच्या आत होती आणि मेंढ्या सुमारे १७ लाख. गिरण्याही नदीनाल्यांच्या काठाने उभ्या राहिल्या. इंग्लंडहून आलेल्या स्कोफील्ड बंधूंनी १७९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये लोकर पिंजण्याची यंत्रे बांधली होती. तिथून ती गावोगाव पसरली. शेतकरी लोकर घेऊन पिंजणगिरणीत यायचा, पेळू घेऊन घरी जायचा आणि घरातल्या बायका चरख्यावर सूत काढायच्या. १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच जॉन गोल्डिंग यांनी पिंजणयंत्राला अशी जोड दिली की पेळूंऐवजी अखंड, लांबच लांब कच्चा धागा बाहेर येऊ लागला. पटनीची गिरणी आजही त्याच तत्त्वावर चालते.

हे वैभव टिकले नाही. १८४६ मध्ये आयात जकात उतरली. एरी कालवा आणि पाठोपाठ रेल्वे आल्याने पश्चिमेकडच्या मोकळ्या माळांवरची स्वस्त लोकर पूर्वेच्या बाजारात पोचू लागली. व्हरमाँटच्या शेतकऱ्याने मेंढ्या विकून गाई बांधल्या. काही काळ मेरिनोचे पैदाशी मेंढे विकून पैसा मिळाला, तेही पार ऑस्ट्रेलियापर्यंत. (त्या व्हरमाँटी मेंढ्यांच्या कातडीला भरपूर वळ्या होत्या. वळ्यांत ओल राहून माश्या अंडी घालतात. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना त्याचा त्रास आजतागायत होतो आहे.) गिरण्या मात्र दुसरीकडून येणाऱ्या लोकरीवर आणखी कित्येक दशके चालल्या. १९५४ मध्ये विनूस्की इथल्या अमेरिकन वुलन कंपनीच्या मोठ्या गिरण्यांना टाळे लागले. न्यू इंग्लंडचा कापड उद्योग कमी मजुरीच्या दक्षिणेकडे सरकत होता, आणि कृत्रिम धागा बाजारात उतरलेला होता.

म्हणजे १९७० च्या दशकात व्हरमाँटमध्ये चित्र असे होते : शहर सोडून गावात स्थायिक झालेली तरुण कुटुंबे पुन्हा पाच-दहा-पन्नास मेंढ्या पाळू लागली होती, हातविणकाम करणाऱ्यांची संख्या वाढत होती, पण मेंढी आणि विणकाम यांच्या मधले दुवे तुटलेले होते. कातरलेली लोकर पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे द्यायची आणि मिळेल तो भाव घ्यायचा. विणणाऱ्यांच्या हाती येणारे सूत कुठल्या देशातल्या कुठल्या मेंढीचे, याचा पत्ता नसायचा. ई. एफ. शुमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक १९७३ साली आले आणि अमेरिकेतल्या अशा मंडळींत खूप वाचले गेले. त्यातल्या अर्थविचारावर वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचा ठसा आहे, आणि शुमाखर यांनी त्यांचा उल्लेखही केला आहे. त्या काळच्या व्हरमाँटमध्ये लहान, स्थानिक, हाताला काम देणाऱ्या उद्योगाचे बोलणे हवेत होते. पटनीच्या चौघांनी त्यातून एक चालती गिरणी काढली.

जुन्या गिरण्या बंद पडत होत्या, म्हणून अशा गिरणीला लागणारी यंत्रे मिळत होती. आणि त्याच कारणाने ती दुरुस्त करणारी माणसे व सुटे भाग दुर्मीळ होत चालले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अँडोव्हरच्या डेव्हिस अँड फर्बर कारखान्याने दीड शतक लोकर गिरण्यांना यंत्रे पुरवली. १९८० च्या दशकात तोही संपला. जुन्या यंत्रांवर गिरणी उभारणाऱ्याला म्हणूनच कातण्याबरोबर फिटरचे कामही शिकावे लागते : दाता झिजला तर नवा ओतून घ्यायचा, पट्टा तुटला तर शिवायचा, आणि यंत्राचा आवाज बदलला की हातातले काम टाकून तिकडे धावायचे. स्पिनरीने जुनीच यंत्रे घेतली, आणि ती बदलून वेगवान नवी आणण्याचा मोह टाळला. माझ्या मते संस्थेच्या टिकाव धरण्याचे अर्धे श्रेय या निर्णयाला आहे. नवी यंत्रे मोठ्या मालाची भूक घेऊन येतात. पन्नास मेंढ्यांच्या शेतकऱ्याला त्यांच्या दारात उभे राहता येत नाही.

आता गिरणीच्या आत जाऊ, कारण या संस्थेचा खरा इतिहास तिच्या कामाच्या पद्धतीत आहे.

काम सुरू होते ते शेतावर. मेंढी कातरली की लोकर तुटक न पडता एका अखंड पटासारखी निघते. तो पट जाळीच्या टेबलावर पसरतात आणि त्याच्या कडा काढून टाकतात : पोटाखालची मळकी लोकर, मागच्या पायांची शेणाने चिकटलेली, मानेवरची गवताने भरलेली. एवढे काम शेतकऱ्याने नीट केले तर गिरणीतले पुढचे सगळे सोपे होते. केले नाही तर पुढे कोणतेही यंत्र ती कसर भरून काढू शकत नाही. गिरणीत पट आला की तो हाताने पाहिला जातो. बोटभर बट ओढून कानाजवळ ताणायची. ती तटकन तुटली तर समजायचे की मेंढी वर्षभरात कधीतरी आजारी पडली होती किंवा तिची उपासमार झाली होती, आणि त्या दिवसांत वाढलेला केसाचा तुकडा अशक्त राहिला. असा केस पिंजताना मध्येच तुटतो आणि सुतात गाठी धरतात.

मग धुणे. कच्च्या लोकरीत मेंढीच्या घामाचे क्षार असतात, माती असते आणि लॅनोलिन हे मेणचट तेल असते. मेरिनोसारख्या बारीक लोकरीत हे सगळे मिळून निम्म्या वजनापर्यंत भरू शकते, जाड लोकरीत कमी. घामाचे क्षार पाण्यात विरघळतात. लॅनोलिन सुटायला मात्र हात घालवणार नाही इतके गरम पाणी आणि साबण लागतो. आणि इथेच सगळे कौशल्य आहे, कारण लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणे ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा होतो, आणि झालेला नमदा पुन्हा सुटत नाही. म्हणून लोकर पाण्यात बुडवून ठेवतात, ढवळत नाहीत. एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना पाणी एकदम थंड होऊ देत नाहीत, नाहीतर सुटलेले मेण पुन्हा केसावर बसते. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर लोकर धुणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि त्यांना टनांनी माल हवा असतो. लहान शेतकऱ्याची साखळी सगळ्यात आधी तुटते ती या धुण्याच्या पायरीवर. पोत्यातली लोकर धुऊन देणारी गिरणी जवळ असणे, हीच स्पिनरीची पहिली मोठी सेवा.

वाळलेली लोकर पिकर यंत्रात जाते. दातेरी ढोल तिच्या गुठळ्या फोडतो आणि उरलेली माती व गवत काही प्रमाणात झाडून टाकतो. याच वेळी तिच्यावर तेल आणि पाण्याचे मिश्रण फवारतात. मेण धुऊन काढल्यावर पुन्हा तेल कशाला, असा प्रश्न पडू शकतो. मेंढीचे मेण चिकट असते, ते लागलेला केस यंत्राच्या तारांना धरून बसतो. फवारलेले तेल केसाला निसरडा करते, म्हणजे तो तुटत नाही. आणि ओलाव्यामुळे विजेचा भार साठत नाही. व्हरमाँटच्या कोरड्या हिवाळ्यात हा भार फार त्रास देतो : पिंजलेली लोकर यंत्रावर नीट बसण्याऐवजी हवेत उडते, हाताला चिकटते.

त्यानंतर कार्डिंग, म्हणजे पिंजण. एका प्रचंड ढोलाभोवती लहान लहान रूळ, आणि सगळ्यांवर बारीक वाकड्या तारांचे कापड चढवलेले. रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरतात. एकाच्या तारा लोकर धरतात, दुसऱ्याच्या ती विंचरून घेतात, आणि असे शेकडो वेळा होऊन शेवटी ढोलावरून कोळिष्टकासारखी तलम, पारदर्शक चादर उतरते. गोल्डिंग यांची जोड इथे कामाला येते. ही चादर पट्ट्यांनी उभी चिरली जाते, आणि प्रत्येक चिरफळी दोन चामडी पट्ट्यांच्या मधून जाते. या पट्ट्या पुढे सरकताना आडव्याही हलतात, दोन तळहातांमध्ये वात वळावी तशा. त्यातून पीळ नसलेला मऊ कच्चा धागा तयार होतो आणि लांब फिरकीवर शेजारी शेजारी गुंडाळला जातो.

कापसाच्या गिरणीत काम केलेल्या माणसाला इथे आश्चर्य वाटेल. कापसाचा पेळू कार्डिंगनंतर ड्रॉइंग, सिंप्लेक्स अशा पायऱ्यांतून जातो, अनेक पेळू एकत्र ओढून जाडीबारकी सारखी केली जाते. लोकरीच्या या पद्धतीत तशी पुढची संधी नाही. कार्डिंगवरून उतरला तो धागा थेट कातण्याच्या यंत्रावर जातो. म्हणून कार्डिंग चालवणारा माणूस या गिरणीतला सगळ्यात महत्त्वाचा कारागीर असतो. यंत्राच्या तोंडाशी लोकर किती वजनाने आणि किती सारखी पडते, तारा किती धारदार आहेत, रुळांमधले अंतर कागदाच्या जाडीइतके नेमके आहे का, यावर सुताची सगळी प्रत ठरते.

कातण्याच्या फ्रेमवर कच्चा धागा थोडासाच ओढला जातो आणि ओढता ओढता त्याला पीळ बसतो. केस सगळे एका दिशेला बसलेले नसतात, आडवेतिडवे असतात. त्यामुळे सुतात हवा अडकते, आणि त्या हवेमुळे विणलेला कपडा वजनाने हलका आणि अंगाला ऊबदार लागतो. सूट-पँटच्या गुळगुळीत कापडासाठी लोकर लांब केसांची निवडून फणीने समांतर करतात. ती पद्धत वेगळी, तिची यंत्रेही वेगळी. स्पिनरीचे सूत फुगीर असते, स्वेटर, मोजे, टोपी यांना योग्य. एकेरी सुताला ज्या दिशेने पीळ असतो, त्याच्या उलट दिशेने दोन किंवा तीन सुते एकत्र पिळली की दोन्ही पिळांचा ताण एकमेकांना तोलतो आणि सूत हातात वळवळत नाही. मग लड्या, धुणे, वाळवणे आणि चिठ्ठी लावणे. चिठ्ठीवरची नावे मालाचे मूळ सांगतात : ‘माउंटन मोहेर’मध्ये मेंढीच्या लोकरीला अंगोरा बकरीच्या मोहेरची जोड आहे, ‘कॉटन कम्फर्ट’मध्ये सेंद्रिय कापसाची.

या सगळ्यात संस्थेने एक ठाम निर्णय घेतला आणि त्याला ‘ग्रीनस्पन’ असे नाव दिले. मोठ्या गिरण्यांत कातण्याचे तेल सहसा खनिज तेलापासून काढलेले असते. लोकरीतले गवत-काटे जाळून टाकायला ती सौम्य गंधकाम्लात बुडवून भट्टीत तापवतात. यंत्रात धुता यावी म्हणून केसावरचे खवले क्लोरीनने झिजवून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ लेप देतात. कसर लागू नये म्हणून कीटकनाशक लावतात. पांढरेपणासाठी ब्लीच करतात. स्पिनरीने आपल्या ग्रीनस्पन सुतासाठी यांतले काहीच करायचे नाही असे ठरवले. तेल आणि साबण वनस्पतिजन्य, बाकी पाणी, तारा आणि पीळ.

याची किंमत मोजावी लागते आणि संस्थेने ती मोजली. आम्ल नाही म्हणजे गवताच्या काही काड्या सुतात राहणारच. विणताना त्या बोटाला लागतात आणि वेचून काढाव्या लागतात. स्वेटर यंत्रात धुता येत नाही, हाताने कोमट पाण्यात धुवावा लागतो. सुताचा भाव दुकानातल्या ॲक्रिलिकच्या कित्येक पट. हे सगळे सांगूनच गिरणी माल विकते, आणि गिऱ्हाईक ते जाणूनच घेते. गवताची एक काडी सापडली म्हणून सूत परत पाठवणाऱ्या आणि ती काडी पाहून हे सूत कुरणातून आले आहे असे ओळखणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांत पहिला सोडून दुसरा धरण्याचे धैर्य या संस्थेने सुरुवातीच्या काळातच दाखवले. लहान उद्योग बुडतात ते बहुतेक वेळा दोघांनाही खूश करण्याच्या धडपडीत.

संस्थेचे उत्पन्न दोन वाटांनी येत राहिले. शेतकऱ्यांकडून लोकर थेट विकत घेऊन आपल्या नावाने सूत विकायचे, ही एक. शेतकऱ्याचीच लोकर घेऊन, कातण्याची मजुरी आकारून, त्याला त्याचेच सूत परत द्यायचे, ही दुसरी. दुसरी वाट ऐकायला सोपी वाटते, पण गिरणीसाठी ती सगळ्यात कष्टाची आहे. कार्डिंगच्या तारांत नेहमी काही लोकर अडकून राहते. एका शेतकऱ्याचा पांढरा माल संपवून दुसऱ्याचा काळा घातला, तर पहिले काही किलो सूत भुरे निघते. उलट क्रमाने केले तर पांढऱ्यात काळे केस दिसतात. म्हणून प्रत्येक मालानंतर यंत्र थांबवून तारा साफ कराव्या लागतात, आणि प्रत्येक मालाची सुरुवात व शेवट वाया जातो. मोठी गिरणी हे करूच शकत नाही. ती दहा शेतांची लोकर एकत्र करते आणि मग कुणाची कुठली, हे उरतच नाही. लहान गिरणी करू शकते, पण तीही किमान काही वजनाची अट घालूनच. अगदी दोन-चार मेंढ्यांच्या मालासाठी पुढे १९९० च्या दशकात कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर ‘मिनी मिल’ या नावाने छोटी यंत्रे बनू लागली, आणि आता अशा घरगुती गिरण्या उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत. स्पिनरीची जागा त्या आणि मोठे कारखाने यांच्या मधली.

माल वेगळा ठेवण्याच्या या कष्टाचे मोल १९९० च्या दशकात नीट कळले. अमेरिकेत १९५४ च्या लोकर कायद्याखाली मेंढपाळांना विकलेल्या लोकरीवर सरकारी अनुदान मिळत असे. त्यासाठीचा पैसा आयात लोकरीवरच्या जकातीतून येई. १९९३ मध्ये हे अनुदान बंद करण्याचा कायदा झाला आणि १९९५ पर्यंत ते थांबले. व्यापाऱ्याला कच्ची लोकर विकणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या हातात मग कातरणाऱ्याची मजुरी सुटेल इतकेही उरेना. ज्याला आपले सूत परत मिळत होते, त्याच्याकडे मात्र स्वतःच्या नावाने विकता येईल असा माल होता.

हे वाचताना आपल्याकडच्या धनगर वाड्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाडसर, आखूड. ती वर्षातून दोनदा कातरतात आणि एका मेंढीमागे वर्षाला किलोच्याही आत मिळते. ती पिंजून, चरख्यावर कातून, सनगरांच्या मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी होत असे. या साखळीत धनगर, कातणाऱ्या बाया आणि सनगर या तिघांचे पोट होते. पानिपतच्या जुन्या चिंध्यांपासून बनलेल्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचा बाजार खाल्ला. मटणाला भाव आला तशी जत भागातल्या माडग्याळसारख्या, लोकर जवळजवळ नसलेल्या मेंढ्यांना मागणी वाढली. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीतून निघत नाही आणि लोकर रानात टाकून दिली जाते. दख्खनी लोकर मेरिनो नाही, तिचे स्वेटर अंगाला टोचतील, हे खरेच. पण आडव्यातिडव्या केसांची ही कार्डिंग पद्धत आखूड लोकर सामावून घेते, आणि घोंगडी, जाजम, आसन यांना जाडसर, टिकाऊ सूतच लागते. आपल्याकडे विणणारे हात अजून थोडेफार आहेत, मेंढ्याही आहेत. मधली गिरणी नाही. आणि यंत्रांच्या आधी मेंढपाळाला कातरणीच्या वेळी कडा काढून लोकर वेगळी बांधायला शिकवावे लागेल, त्या कष्टाचा जादा भाव त्याच दिवशी हातात द्यावा लागेल. पटनीच्या गिरणीने केलेले हे काम यंत्रांइतकेच महत्त्वाचे होते.

पटनीत पुढच्या टप्प्यावर प्रश्न मालकीचा आला. कोणत्याही संस्थेत संस्थापक थकतात. अशा वेळी कुणी बाहेरचा विकत घेतो, नाव ठेवतो आणि सूत दुसरीकडून आणतो, असे कितीतरी ठिकाणी झाले आहे. स्पिनरी तिथे काम करणाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. सहकार हा शब्द आपल्याकडे साखर कारखान्यांनी आणि दूध संघांनी घरोघर नेला, पण त्यात मालक शेतकरी असतो आणि कामगार नोकरीवर. पटनीत कार्डिंग चालवणारा, लड्या बांधणारा आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा हेच मालक होऊ शकतात. यंत्राचा आवाज ओळखणाऱ्यांच्या हाती निर्णय राहिल्याने जुनी यंत्रे भंगारात गेली नाहीत आणि ग्रीनस्पनचा निर्णयही कुणी फिरवला नाही.

गिरणीने आपली माहिती दडवून ठेवली नाही, हेही नोंदवायला हवे. ठरलेल्या दिवशी कोणालाही आत येऊन सगळी खाती पाहता येत. २००३ मध्ये संस्थेचे विणकामाच्या नमुन्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पुढेही नवनवे नमुने सुतासोबत निघत राहिले. सूत विकायचे तर त्याचे काय करायचे हे गिऱ्हाइकाला दाखवावे लागते, हे व्यवहारज्ञान त्यात होतेच. पण स्वेटर कुठल्या मेंढीपासून सुरू होतो, हे विणणाऱ्याला कळावे ही कळकळही होती.

ज्यांनी लोकर कातून परत नेली, त्या शेतकऱ्यांचे सूत दरवर्षी शरद ऋतूतल्या व्हरमाँट शीप अँड वुल फेस्टिव्हलमध्ये आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकच्या जत्रेत टेबलांवर मांडलेले दिसते. तिथे लडीच्या चिठ्ठीवर शेताचे नाव असते, जात असते, आणि पुष्कळदा मेंढीचेही नाव असते. विणणाऱ्या बाया लडी हातात घेऊन मेंढी कुठली, वय काय, पुढच्या वर्षीही हाच रंग मिळेल का, असे विचारतात आणि मेंढपाळ उभ्या उभ्या सगळे सांगतो. पुढच्या वर्षीच्या लडीसाठी काही जणी तिथेच नाव लिहून देतात.